गोल जिन्याची लाकडी हँडरेल

वळते आणि चढतेही

आतली रेल १ मीटर त्रिज्येची, बाहेरची २ मीटरची आणि जिना पाव वर्तुळात १.२ मीटर चढणारा धरा. आतली रेल साधारण १.९८ मीटर भरते, बाहेरची ३.३६. चढ तेवढाच, पण अंतर जास्त, म्हणून बाहेरची रेल मंद चढते. दोन्हींना एक फर्मा चालत नाही. जमिनीवर सपाट वाकवलेली रेलही जिन्यावर बसत नाही, कारण चढत्या रेलचा बाक नकाशातल्या बाकापेक्षा सौम्य असतो. फर्मा उभा आणि चढताच हवा. जागेवर, जिन्यालाच आधार ठोकून केला तर सर्वांत उत्तम.

लाकूड कसे वळवायचे

जाड फळीतून वळण कापले की टोकांकडे लाकडाच्या रेषा आडव्या येतात आणि तिथे तुकडा सहज मोडतो. वाफेवर बीच, ॲश छान वळतात, सागवान तितके नाही. घरच्या कामाला पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवणे हाच खात्रीचा मार्ग.

५० मिमी रुंद रेलला ४ मिमीच्या १२-१३ पट्ट्या लागतात. करवतीचे पाते प्रत्येक कापाला ३ मिमीच्या आसपास खाते, तेव्हा लाकूड जवळपास दुप्पट आणावे. कापण्याआधी फळीच्या कडेवर तिरकी रेघ मारून ठेवा. ती रेघ जुळवत पट्ट्या मूळ क्रमाने लावल्या की रेल अखंड लाकडाची वाटते. सागवान तेलकट असते, म्हणून चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यावे. नेहमीचा पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. इथे इपॉक्सीच वापरा. आधी गोंद न लावता एकदा सगळे बांधून बघायचे, मग दर १०-१५ सेंटीमीटरवर क्लॅम्प. एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. क्लॅम्प सोडल्यावर रेल किंचित उघडते. पट्ट्या जितक्या पातळ, तितके हे कमी.

बसवताना

सांधा वळणात कधीच घेऊ नये. वळणाचा तुकडा सरळ भागात ७५-१०० मिमी पुढे न्यावा, आणि तिथे खालून बोल्ट कसून भोकाला लाकडी डाट मारावी. लोखंडी कठडा असेल तर वरच्या पट्टीतून, खालच्या बाजूने स्क्रू. भिंतीलगतच्या रेलमागे बोटे जायला ४०-५० मिमी जागा हवीच.

पॉलिश खालच्या अंगालाही करा. एकच बाजू बंद केली तर पावसाळ्यात दुसरी दमट हवा पिते आणि रेल पिळते.