दुखावलेला खांदा आणि कोटींचा हिशेब

मंडळी, आजचा विषय वरवर खेळाचा वाटेल, पण आम्ही त्याच्याकडे अनुमानाचा प्रश्न म्हणून बघतो. तरुण खेळाडू संघात घ्यायचाय. गुण अफाट, पण शरीर एकदा दुखावलेलं. घ्यावा का?

कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई तुम्हाला आठवत असेल. प्रो कबड्डीत २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले. २०२१ मध्ये त्याच संघाने १.३० कोटींना राखला, आणि त्या हंगामात तीन सामन्यांतच खांदा दुखावला. पुढच्या वर्षी किंमत २० लाख. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने १ कोटी दिले. पाच वर्षांत एकाच माणसाच्या पाच किमती!

आता लोक म्हणतात, ते १.३० कोटी पाण्यात गेले, म्हणजे निर्णय चुकला. हे तर्काला धरून नाही. निर्णय तपासायचा तो त्या दिवशी हाती काय माहिती होती त्यावरून. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये ड्राफ्ट असतो, म्हणजे संघ ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडतात. १९८४ साली पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी हा उंच खेळाडू निवडला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला घेतलं. जग पोर्टलंडला अजून हसतं. पण जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्याकडे होताच, उणीव उंच माणसाची होती. जॉर्डन एवढा मोठा होईल हे त्यांना दिसलं नाही, याबद्दल आम्ही त्यांना दोष देणार नाही. मात्र बोवी नडगीच्या फ्रॅक्चरमुळे कॉलेजचे दोन हंगाम बाहेर होता, हे त्यांच्यासमोर होतं. त्याचे पाय पुढेही मोडत राहिले. विचारायचं ते एवढंच, की समोर असलेल्या गोष्टीला त्यांनी किती वजन दिलं?

आणि वजन द्यायचं कसं? इथे आपले नैयायिक कामाला येतात. धूर दिसला की अग्नीचं अनुमान बरोबर. उलट, अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं नाही. त्याला सरपण ओलं लागतं. या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणतात. ‘एकदा दुखावलेला पुन्हा दुखावणार’ हे विधान असंच आहे. तरुणपणी निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता जास्त, हे खरंच. कोणताही अस्थिरोगतज्ज्ञ सांगेल. पण ती किती, हे विश्रांती, व्यायाम आणि लादलेले सामने यांवरही ठरतं. सरपण ओलं की कोरडं, हे बरंचसं संघाच्या हातात असतं की!

स्टीफन करीचं बघा. घोट्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या असताना २०१२ मध्ये गोल्डन स्टेटने त्याच्याशी चार वर्षांचा ४.४ कोटी डॉलरचा करार केला. त्याच्याकडून कमरेची, मांड्यांची ताकद वाढवून घेतली, म्हणजे घोट्यावरचा भार कमी व्हावा. २०१५ आणि २०१६ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून आम्हाला वाटतं, धोका हा डोळ्यांच्या रंगासारखा खेळाडूच्या अंगचा गुण मानून किंमत ठरवणं ही मूळ गफलत आहे. तोलणाराच तराजूत थोडा बसलेला असतो.

दुसरं म्हणजे सरासरी. समजा, एक मुलगा हमखास ६० गुण देईल. दुसरा धडधाकट राहिला तर १२०, नाहीतर शून्य, आणि शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी दोघांची ६०च. संघ वर्षानुवर्षं असे अनेक सौदे करतो, त्याला सरासरी परवडते. मुलाकडे खांदे दोनच. त्याच्या वाट्याला १२० येतील किंवा शून्य. साठ कधीच नाही.

म्हणून तो दुखणं लपवतो. खरं सांगितलं तर भाव पडतो, मग निवडचाचणीच्या सकाळी गोळी घेऊन उतरायचं! त्याला खोटारडा म्हणण्याआधी, त्या खरेपणाची किंमत एकट्या त्यानेच का भरायची, हे विचारायला हवं. दुखापतीच्या काळात मानधन आणि उपचार चालू राहणार असतील, तर तो बोलेल आणि संघाच्या हाती खरी माहिती येईल.

इथे धायरीत बसलेल्यांपैकी कोणाचा नातू उद्या अशा निवडीला गेला, तर आकडा किती ते नंतर विचारा. आधी विचारा, जायबंदी असतानाच्या महिन्यांबद्दल करारात काय लिहिलंय, आणि मैदानात परत कधी उतरायचं हे डॉक्टर ठरवणार की प्रशिक्षक. आणि तो करार मराठीत वाचायला मिळेल का, हेही.