सर्वसामान्य मनोविकार व राहून गेलेले उपचार

घरातील माणसास ताप आला म्हणजे त्यास दवाखान्यात नेतात. परंतु महिना महिना झोप नाही, अन्नाची वासना नाही, कशात मन लागत नाही, उगाच छातीत धडधडते, अशी तक्रार असली तर ‘अंगात बळ नाही’ किंवा ‘बाहेरची बाधा असेल’ असे म्हणून दिवस काढले जातात. या अवस्थांस नैराश्य व चिंताविकार अशी नावे आहेत. लोक ज्यास वेड म्हणतात त्याहून या निराळ्या असून पुष्कळ अधिक आढळतात, आणि उपचारांनी बऱ्या होतात.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तीत अशा रुग्णांपैकी शेकडा ८५ जणांस उपचार मिळत नसल्याचे दिसून आले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि आपल्याकडे स्थिती फार निराळी असेल असे मानण्याचे कारण नाही.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. बदलापुराहून ते लोकलच्या वाटेवर, सुमारे ३४ किलोमीटरांवर. अंबरनाथ व उल्हासनगर त्याहून जवळ. तेव्हा केवळ अंतर ही अडचण नव्हे. कारखान्यात वा शिलाईकामास जाणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. त्या रुग्णालयाचे नाव काढताच मुलीचे लग्न कसे होईल, ही धास्ती वाटते. शिवाय नैराश्यावरील गोळ्यांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, व बरे वाटू लागल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात. हे कोणी समजावून सांगत नाही. आठ दिवसांत गुण नाही म्हणून गोळ्या सुटतात.

ही तीन शहरे नगरसंस्थांच्या हद्दीत येतात, आपल्या शाळा भोवतालच्या गावांत व पाड्यांवर आहेत. परंतु पालक कामास तिकडेच जातात. आईचा आजार शिक्षकास प्रथम दिसतो तो हजेरीपटावर. चौथीतील मुलगी रोज उशिरा येते, कारण पाणी भरणे व भाकऱ्या करणे तिच्यावर आलेले असते. तिला शिक्षा करून काही साधत नाही.

शेजारच्या गोव्यात याविषयी एक उपयुक्त प्रयोग झाला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांस आरोग्यकेंद्रांत डॉक्टरांच्या जोडीस नेमले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शेकडा सुमारे ६६ रुग्ण बरे झाले. नेहमीच्या उपचारांनी सुमारे ४३. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

शिक्षकाने वैद्य होऊ नये. पालकास एकान्तात विचारावे: किती दिवसांपासून असे आहे? दोन आठवड्यांहून अधिक असल्यास प्राथमिक आरोग्यकेंद्रात जाण्यास सांगावे, व झोप, भूक आणि मनाची अवस्था डॉक्टरांस स्पष्ट सांगावयास शिकवावे. नुसते ‘अशक्तपणा’ म्हटल्यास शक्तीच्या गोळ्या मिळतात. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे निघाल्यास तसा विचार मनात येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उत्तर होकारार्थी असल्यास त्या व्यक्तीस एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचवावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून हे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून ती विनामूल्य, अहोरात्र व मराठीतूनही मिळते. तिचा क्रमांक १४४१६ शाळेच्या फलकावर, पालकांस दिसेल अशा जागी लिहून ठेवावा.