खिडकीतले भूत

रहस्यकथा म्हटली की एखादे प्रेत, एखादे पिस्तूल आणि सर्वांत शेवटी तोंड उघडणारा एक हुशार गुप्तहेर, असे समीकरण माझ्या मनात पक्के बसले होते. याला कारण आमच्या घरातले पुस्तकांचे कपाट. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजय यांच्या कथा आजोबांनी जपून ठेवल्या होत्या, आणि शाळेच्या सुट्टीत मी त्यांचा फडशा पाडला होता. त्यामुळे ज्यात खून नाही, चोरी नाही, पोलीसही नाहीत, अशी रहस्यकथा असू शकते, हे मला कुणी सांगितले असते तर मी हसले असते. गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या आग्रहावरून मी ‘ह्योका’ नावाची जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहिली आणि हा समज पार बदलला. तिच्या बावीस भागांपैकी एका भागाविषयी, म्हणजे सातव्या भागाविषयी, मला येथे लिहायचे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. जपानी साहित्यात ‘रोजच्या जीवनातील कोडी’ असा रहस्यकथेचा एक स्वतंत्र प्रवाह आहे. कितामुरा काओरू या लेखकाच्या १९८९ साली निघालेल्या पहिल्या पुस्तकापासून तो ठळकपणे वाहू लागला असे मानतात. यातली कोडी अगदी साधी असतात. कुलूप आतून कसे लागले, अमुक माणूस रोज त्याच वेळी तेथे का येतो, अशी. योनेझावा होनोबू हा पुढच्या पिढीचा लेखक याच वाटेने आला. त्याची ‘ह्योका’ ही कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून आणि तिच्या पुढील पुस्तकांवरून ‘क्योतो अ‍ॅनिमेशन’ या संस्थेने २०१२ साली ही मालिका काढली. दिग्दर्शक होते ताकेमोतो यासुहिरो. २०१९ च्या जुलैमध्ये या संस्थेच्या इमारतीला एका माणसाने आग लावली. तीत छत्तीस जण दगावले, त्यांत ताकेमोतोही होते. मालिका पाहून झाल्यावर मला हे कळले, आणि पुन्हा पाहताना ते मनातून जाईना.

मालिकेत एका माध्यमिक शाळेतले चार विद्यार्थी आहेत. ओरेकी होतारो हा आळशी, पण तल्लख. जे केल्यावाचून चालते ते करायचे नाही, आणि जे करावेच लागते ते झटपट उरकायचे, हे त्याचे ब्रीद. चितांदा एरू ही जुन्या, प्रतिष्ठित घराण्यातली एकुलती एक मुलगी. तिला कशाचेही कुतूहल वाटले की ती ओरेकीला स्वस्थ बसू देत नाही. फुकुबे सातोशी आणि इबारा मायाका ही उरलेली दोघे. सातव्या भागात ही चौकडी उन्हाळ्याच्या सुट्टीत इबाराच्या नातलगांच्या विश्रामगृहात राहायला जाते. डोंगरातले गाव, आणि गरम पाण्याचे झरे.

हे गरम पाण्याचे स्नान म्हणजे जपानी जीवनातला एक सोहळाच. देश ज्वालामुखींच्या पट्ट्यावर वसलेला, त्यामुळे झऱ्यांना तोटा नाही. कोणत्या पाण्याला असा झरा म्हणावे याचा तेथे १९४८ पासून कायदा आहे. उगमापाशी तापमान निदान २५ अंश सेल्सियस हवे, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात हवा. कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, असे शिष्टाचार. स्नानानंतर अंगात घालायचा तो युकाता, म्हणजे सुती, सैल झगा. मुळात हे स्नानाचेच वस्त्र. पुढे ते उन्हाळ्यातल्या जत्रांना मिरवण्याचे झाले. हा झगा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे सारे त्याच्यावरच येऊन ठेपते.

आमचा ओरेकी कुंडात नको इतका वेळ बसतो आणि त्याला भोवळ येते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, माणूस उठताच रक्त पायांकडे उतरते, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हा प्रसंग नुसता हसवण्यासाठी असेल असे मला प्रथम वाटले होते. पण तो अंथरुणावर पडून असल्यामुळे रात्री रंगणाऱ्या भुताच्या गोष्टींच्या बैठकीला हजर नसतो. जपानात भुताच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगायच्या असतात. अंगावर शहारा आला की उकाडा कमी वाटतो, ही त्यामागची गंमत. काबुकी रंगभूमीवरचे प्रसिद्ध ‘योत्सुया काइदान’ हे भुताचे नाटकदेखील १८२५ साली ऐन उन्हाळ्यातच प्रथम रंगमंचावर आले.

विश्रामगृहाच्या मालकांना दोन मुली आहेत. थोरली रिए, धाकटी कायो. रिए पाहुण्यांना सांगते की, समोरच्या इमारतीतल्या एका खोलीत पूर्वी एका पाहुण्याने गळफास घेतला होता. आणि त्याच रात्री चितांदा व इबारा यांना समोरच्या खिडकीत लोंबकळणारी आकृती दिसते!

दुसऱ्या दिवशी चितांदा ओरेकीला शोधाला जुंपते. ज्याने गोष्ट ऐकलेली नाही आणि आकृतीही पाहिलेली नाही, असा हा एकटाच. म्हणून त्याची नजर भुताकडे न जाता घरातल्या वस्तूंकडे जाते. रिएच्या वस्तूंवर तिचे नाव घातलेले असते. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात, ते शेजाऱ्याच्या घरी गेलेले भांडे परत यावे म्हणून. येथे घरातल्या घरात, सख्ख्या बहिणीपासून वस्तू वेगळी राखण्यासाठी नाव! रिएजवळ सुंदर युकाता आहे, कायोजवळ नाही. त्या रात्री गावात उत्सव होता. त्याच रात्री पाऊसही पडला. एवढ्या चार गोष्टी प्रेक्षकालाही दिसलेल्या असतात. लेखकाने एकही पान लपवलेले नाही. उलगडा असा : कायोने ताईचा युकाता न विचारता घातला आणि ती उत्सवाला गेली. पावसाने तो भिजला. ओला तर जागेवर ठेवता येईना. मग कुणी नसलेल्या समोरच्या खोलीत तिने तो वाळत टाकला, आणि सकाळी गुपचूप काढून नेला. बाहुल्या पसरून टांगलेला झगा अंधारात दुरून कसा दिसेल, हे वेगळे सांगायला नको.

भागाचे शीर्षक अठराव्या शतकातल्या योकोई यायू या कवीच्या हायकूवरून रूढ झालेल्या म्हणीतून आले आहे. भूत म्हणून ज्याला भ्यालो ते प्रत्यक्षात वाळलेले गवताचे तुरे निघाले, असा तिचा आशय. तत्त्वज्ञानाच्या तासाला आपण रज्जुसर्पाचा दृष्टांत शिकतो, त्याचेच हे भावंड. दिवा आणला की दोरी दिसते, साप नाहीसा होतो, आणि सापाबरोबर भयही जाते.

पण या भागात भय जात नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते हेच. पाहुण्यांचे भूत नाहीसे झाले. कायोच्या मनातली ताईची भीती मात्र होती तेथेच आहे. किंबहुना त्या भीतीनेच ते भूत खिडकीत टांगले होते. हे ऐकून चितांदाचा चेहरा पडतो. एकुलत्या एक मुलीला भावंडे म्हणजे स्वर्ग वाटत असतो. कोडे सोडवा म्हणून तिनेच हट्ट धरला, आणि उत्तराने तिचेच एक स्वप्न मोडले. मूळ कथा २००७ सालच्या कथासंग्रहात आहे आणि तिचा शेवट कोरडा आहे. मालिकेने मात्र अखेरीस एक दृश्य दिले आहे. कायोच्या पायाला लागते आणि रिए तिला पाठुंगळी घेऊन चालू लागते. चितांदा हसते. काही मित्रांना हा शेवट गोड करून वाढलेला वाटला. मला तसे वाटत नाही. झगा न देणारी ताई आणि पाठीवर घेणारी ताई एकच असते, हे मी खात्रीने सांगू शकते. कारण मी स्वतः ताई आहे.

माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी दहावीत असताना दिवाळीला घेतलेला माझा नवा ड्रेस तिने मला न विचारता मैत्रिणीच्या वाढदिवसाला घातला. त्यावर डाग पडला. तिने तो चोरून धुतला आणि ओलाच अडगळीच्या खोलीत कोंबला. आठ दिवसांनी बुरशीच्या वासावरून मला तो सापडला. तपास मीच केला, निकाल मीच दिला, आणि सगळ्यांसमोर तिला रडवले. तेव्हापासून ‘धाकटीचा खोटेपणा’ म्हणून ही हकीकत आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते. सांगणारी बहुधा मीच.

हा भाग पाहून झाल्यावर त्याच रात्री मी वसतिगृहातून तिला फोन केला. विचारले, “तेव्हा मला सांगितलं का नाहीस गं?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ताई, मागितला असता तर दिला असतास?”

मला उत्तर देता आले नाही. ड्रेस कोणी घेतला हे मी शोधून काढले होते. तो लपवावा का लागला, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

त्या फोननंतर मी एकाएकी उदार झाले असे मुळीच नाही. या सुट्टीत घरी गेले तेव्हा माझे कपाट तिने न विचारता उघडले, आणि मी नेहमीप्रमाणे ओरडलेच. मात्र ती हकीकत मी आता पाहुण्यांना सांगत नाही. आईने परवा सांगायला सुरुवात केली, तेव्हा मीच विषय बदलला. धाकटीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि चहाचे कप उचलून ती आत गेली.

(तृतीय वर्ष, कला)