गर्भजलातला फेस आणि चमकणारे रेणू

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आसपासच्या खेड्यांतून बाया बाळंतपणाला येतात. काहींचे दिवस भरलेले नसतात. मूल आताच जन्मले तर त्याला श्वास घेता येईल का, हा तेव्हा खरा प्रश्न असतो.

फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्याच्या पृष्ठताणामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटू पाहतात. ते मिटू नयेत म्हणून तिथल्या पेशी साबणासारखे काम करणारा पदार्थ पाझरतात. तो बहुतांशी फॉस्फोलिपिडांचा, म्हणजे पेशीचे पटल ज्यांनी बनते त्याच जातीच्या रेणूंचा असतो. त्यांतले मुख्य लेसिथिन. अंड्याच्या बलकाच्या ग्रीक नावावरून हे नाव पडले. यातला काही भाग गर्भजलात उतरतो. म्हणून गर्भजल तपासले की फुप्फुसाची तयारी कळते.

1972 साली क्लेमंट्स व सहकाऱ्यांनी सोपी युक्ती सुचवली. गर्भजलात अल्कोहोल मिसळून परीक्षानळी 15 सेकंद हलवायची. प्रथिनांचा फेस अल्कोहोलने बसतो, फॉस्फोलिपिडांचा टिकतो. 15 मिनिटांनंतरही काठाशी बुडबुड्यांचे पूर्ण कडे दिसले, तर फुप्फुस तयार. यंत्र लागत नाही, पण आकडाही मिळत नाही.

आकडा दिला प्रतिदीप्तीने. हळद पाण्यात आणि स्पिरिटमध्ये वेगवेगळी कालवून नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली धरा. (स्पिरिट पेट घेते, जवळ ज्योत नको.) पाण्यातली मंद दिसते, स्पिरिटमधली हिरवट पिवळी झळकते. रंगद्रव्य तेच, शेजार बदलला! शेजाऱ्याची बातमी देणारे असे रेणू आपल्या फार उपयोगाचे.

गर्भजलाच्या चाचणीत मात्र निव्वळ झळाळी मोजून भागत नव्हते. गर्भजल कुणाचे जास्त, कुणाचे कमी. पातळ नमुन्याने फसगत व्हायची. तोड मोठी नामी निघाली. गर्भजलात अल्ब्युमिन हे प्रथिनही असते, आणि रंगद्रव्य दोघांनाही चिकटते. नमुन्यावर ध्रुवित प्रकाश टाकला, की अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेला रेणू प्रकाश परत देईपर्यंत फारसा वळत नाही, म्हणून ध्रुवीकरण टिकते. फॉस्फोलिपिडांत शिरलेल्यांचे विस्कटते. ध्रुवीकरण जितके कमी, तितके फॉस्फोलिपिड अल्ब्युमिनच्या मानाने अधिक. पाण्याने दोन्ही सारखेच पातळ होतात. गुणोत्तर बदलत नाही. एक ग्रॅम अल्ब्युमिनमागे 55 मिलिग्रॅम वा अधिक भरले, तर फुप्फुस पक्व समजत. नमुन्यात रक्त मिसळले की मात्र आकड्यावर भरवसा नसे.

या चाचणीचा प्रचलित संच 2011 साली बंद झाला. लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्येच दाखवले होते, की आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाचे फुप्फुस लवकर तयार होते. आता अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झाल्या, की मोजमापासाठी न थांबता ते देतात. तरीही बाळाला धाप लागली, तर गाय किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेली फॉस्फोलिपिडे नळीवाटे थेट त्याच्या श्वासनलिकेत सोडतात.