उजेड न सोसणारी चांदी

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, कोपियापो शहराच्या दक्षिणेला, १८३२ साली हुआन गोदॉय या लाकूडतोड्याला चांदी सापडली. ती चान्यार्सियोची खाण. तिथल्या पैशाच्या जोरावर १८५१ मध्ये काल्देरा ते कोपियापो आगगाडीही धावू लागली. खनिजांचे शौकीन मात्र हे नाव काढतात ते प्रूस्टाइटसाठी. डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालबुंद, आरपार उजेड जाणारे इतके देखणे स्फटिक दुसरीकडे क्वचितच मिळाले असतील.

या लाल दगडात वजनाने तब्बल ६५ टक्के चांदी असते! बाकी आर्सेनिक आणि गंधक. धातू आणि गंधक यांच्या जोडीला आर्सेनिक किंवा अँटिमनी असलेल्या अशा खनिजांना सल्फोसॉल्ट म्हणतात. आर्सेनिकची जागा अँटिमनीने घेतली की होतं पायरार्जिराइट. त्यात चांदी ६० टक्क्यांच्या आसपास, रंग अधिक गडद. ओळख पटत नसेल तर चकाकी नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर हलकेच घासावं. प्रूस्टाइटचा कस शेंदरी लाल उमटतो, पायरार्जिराइटचा जांभळट लाल. दोन्ही खनिजं इतकी मऊ की नखानेही ओरखडा उठू शकतो. संयुगात मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणातच असतात, हा नियम मांडणाऱ्या जोसेफ प्रूस्त यांचं नाव यांपैकी एकाला मिळालं, हे मला फार उचित वाटतं.

जमिनीखालच्या भेगांमधून वर चढणारं तप्त, खारट पाणी चांदी विरघळवून आणतं. पाणी निवत जातं, कधी उकळतं, कधी वरून झिरपणाऱ्या पाण्यात मिसळतं. आधी क्वार्ट्‌झ, शिसं-जस्ताची सल्फाइडं खाली बसतात. या लाल खनिजांची पाळी येते ती बहुधा शेवटी, पाणी बरंच निवल्यावर. म्हणून शिरांमधल्या उरल्यासुरल्या पोकळ्यांत, कॅल्साइटच्या सोबतीने ती सापडतात.

बाहेर काढल्यावर खरी पंचाईत होते. प्रकाशाने पृष्ठभागावरची चांदी सुटी होऊ लागते आणि लाली काळवंडते; चांदीच्या क्षारांचा हाच गुण जुन्या फोटोफिल्मने वापरला. त्यामुळे जाणकार संग्रहालयं उत्तम प्रूस्टाइट बंद खणात ठेवतात. पाहायला येणाऱ्यांची निराशा होते खरी, पण माझ्या मते तेच योग्य आहे. चान्यार्सियोचं बहुतेक धातुक भट्टीत वितळून गेलं. जे थोडे स्फटिक वाचले, ते दिव्याखाली खराब होऊ देणं परवडणारं नाही.