खासगीची मालकीण

गेल्या श्रावणात आईबरोबर परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला गेले होते. पायऱ्या चढताना आई नेहमीप्रमाणे म्हणाली, "अहिल्याबाईंनी बांधलंय बरं हे." देऊळ त्याहून पुष्कळ जुने, बाईंनी केला तो जीर्णोद्धार, पण आमच्याकडे सगळे असेच म्हणतात. मी मात्र यंदा इतिहासाच्या तासाला पेशवाईतील जमीन-महसूल शिकत होते, त्यामुळे डोक्यात भलतेच आले : बांधले खरे, पण पैसा कोणाचा? दौलतीचा, की बाईंचा स्वतःचा?

उत्तर शोधू लागले तेव्हा 'खासगी' हा शब्द हाती लागला. मराठी सरदाराची दौलत म्हणजे मुख्यतः सरंजाम. फौज बाळगावी, स्वारीला जावे, त्यासाठी तोडून दिलेला मुलूख. त्याचा हिशेब पुण्यास द्यावा लागे आणि मर्जी फिरली तर तो जप्तही होई. खासगी याहून वेगळी. 1734 मध्ये पहिल्या बाजीरावाने मल्हारराव होळकरांची पत्नी गौतमाबाई यांच्या नावे महेश्वर व इतर काही महाल लावून दिले. उत्पन्न सालाचे सुमारे तीन लाख रुपये. हा पैसा बाईचा. नवऱ्याच्या फौजेचा पगार थकला म्हणून त्यात कोणी हात घालावयाचा नाही. 1761 मध्ये गौतमाबाई वारल्या आणि ही मालमत्ता सुनेकडे आली. सासूकडून सुनेकडे! आपल्या सातबाऱ्यावर अशी नोंद किती वेळा दिसते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

ती सून आपल्या शेजारची. आष्टी ओलांडून जामखेडकडे गेले की सीना नदीकाठी चौंडी गाव लागते. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी 1725 मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला. 1733 मध्ये मल्हाररावांचे एकुलते पुत्र खंडेराव यांच्याशी लग्न झाले. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. बाई सती जावयास निघाल्या होत्या, सासऱ्यांनी थांबविले. 1766 मध्ये सासरेही गेले आणि पुढच्याच वर्षी गादीवर बसलेला मुलगा मालेराव वारला.

घरात पुरुष उरला नाही, म्हणजे मालमत्ता वाऱ्यावर, असा हिशेब त्या काळीही होता. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला की एखादे मूल दत्तक घ्यावे आणि बाईंनी नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे. राघोबादादा फौज घेऊन निघाले. बाईंची बाजू सरळ होती. गादीच्या एकुलत्या वारसाची मी पत्नी, शेवटच्या धन्याची मी आई. वारस नेमण्याचा अधिकार माझा. माधवराव पेशव्यांनी हा हक्क मान्य केला. फौजेचा कारभार तुकोजी होळकरांकडे आणि मुलखाचा बाईंकडे, अशी वाटणी ठरली. भांडण तेथे संपले नाही. तुकोजींना मोहिमांसाठी पैसा सदैव कमी पडे आणि त्यांची नजर महेश्वरच्या खजिन्याकडे जाई. त्यावरून दोघांत वर्षानुवर्षे कुरबुरी चालल्या.

या खजिन्याविषयीची एक हकिगत सर जॉन मालकम या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. बाईंनी सारा खजिना विधिपूर्वक धर्मकार्यास वाहिला, असे तो लिहितो. आपल्याकडे सांगताना त्यावर तुळशीपत्र ठेवतात. मला यात भक्तीइतकीच कायद्याची जाणही दिसते. देवाला वाहिलेले धन मागावयाचे तर याचक म्हणून हात पसरावा लागतो. सरदाराला ते कसे जमावे? आणि म्हणूनच काशीचे विश्वेश्वराचे देऊळ (1780), सोमनाथ (1783), गयेचे विष्णुपद (1787) असली कामे होळकरांच्या मुलखाबाहेर उभी राहू शकली. तेथे दौलत पोहोचत नव्हती, खासगी पोहोचली.

त्याच सुमारास इंग्लंडात मेरी एलिनॉर बोज नावाची एक वारसदारीण होती. 1760 मध्ये बाप वारला तेव्हा गिबसाइडची इस्टेट आणि कोळशाच्या खाणी तिच्याकडे आल्या. पण त्या देशाच्या कायद्याने लग्न झाले की बायकोची मिळकत नवऱ्याची. पहिला पती वारल्यावर 1777 मध्ये तिने स्टोनी नावाच्या माणसाशी लग्न केले. लग्नाआधी शहाणपणाने मिळकत विश्वस्तांकडे सोपविली होती. त्याने मारझोड करून तो कागद रद्द करविला. ती पळाली, त्याने तिला 1786 मध्ये भररस्त्यातून पळवून नेले. कोर्टात झगडून तिने मिळकत आणि 1789 मध्ये घटस्फोट मिळविला. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा पुरता कायदा इंग्लंडात व्हावयास 1882 साल उजाडले. म्हणून आपल्याकडे सगळे छान होते असे मी म्हणणार नाही. अहिल्याबाईंची स्वतःची लेक मुक्ताबाई 1791 मध्ये नवऱ्यामागे सती गेली, आणि एवढी सत्ता असून आईला तिला अडविता आले नाही.

1795 मध्ये बाई गेल्या. खासगी मात्र टिकली. संस्थान विलीन झाल्यावर 1962 मध्ये तिचा ट्रस्ट झाला आणि हा ट्रस्ट मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ठरविले.

परळीहून परतताना एस.टी.त आईला हे सारे सांगितले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी तिने मामांच्या नावे हक्कसोडपत्रावर सही केली होती. "माहेर तुटू नये," एवढेच तेव्हा म्हणाली होती. आजीच्या नावावर अजून चार एकर कोरडवाहू आहे. त्याचाही कागद मामांनी आणून ठेवला होता.

रात्री आजीला तीच गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकून घेतली आणि विचारले, "सासूनं सुनंला दिलं म्हन. अन् लेकीला?"

मी मुक्ताबाईंचे सांगितले. आजी बराच वेळ बोलली नाही. मग तिने तो कागद घडी घालून ट्रंकेत टाकला आणि मामांना निरोप दिला, दिवाळीनंतर बघू.