विश्लेषण : चार टनांच्या पुढे इस्रोचा अग्निबाण का अडतो?

साक्री : नोव्हेंबर 2024 मध्ये भारताचा जीसॅट-एन2 हा 4,700 किलोचा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला, पण श्रीहरिकोट्याहून नव्हे, तर अमेरिकेतून, स्पेसएक्सच्या फाल्कन-9 ने. त्याआधी 2018 मध्ये 5,854 किलोचा जीसॅट-11 युरोपच्या एरियान-5 वर गेला होता. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला स्वतःचे जड उपग्रह पाठवायला गाडी भाड्याने का घ्यावी लागते?

अडचण नेमकी कुठे?

कोंडाईबारी घाट चढणाऱ्या ट्रकला वाटेत पंप मिळतो. अग्निबाणाला सगळे इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिजनही सोबतच न्यावा लागतो. इस्रोचा सर्वांत ताकदवान एलव्हीएम-3 उड्डाणावेळी सुमारे 640 टनांचा असतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत तो साधारण 8 टन माल नेतो, म्हणजे एका किलोमागे 80 किलोचा डोलारा. दूरच्या भूस्थिर कक्षेकडे पाठवायचे तर क्षमता 4 टनांवर येते. नोव्हेंबर 2025 मध्ये 4,410 किलोचा सीएमएस-03 त्यानेच नेला खरा, पण तो नेहमीपेक्षा थोड्या खालच्या कक्षेत सोडून; पुढची चढण उपग्रहाने स्वतःच्या इंधनावर पार केली. ही तोड चांगली असली तरी दर वेळी चालणारी नाही.

नवा अग्निबाण कसा असेल?

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये ‘एनजीएलव्ही’ या पुढच्या पिढीच्या अग्निबाणासाठी 8,240 कोटी रुपये मंजूर केले. तीन चाचणी उड्डाणांचा खर्चही त्यातच आहे. क्षमता 30 टन, म्हणजे सध्याच्या तिपटीहून जास्त. खर्च मात्र दीडपट, असा दावा आहे. पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरायचा, हा त्यातला कळीचा भाग. त्यासाठी इंधन म्हणून द्रवरूप मिथेन निवडला आहे. गावाकडच्या गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. केरोसीनच्या तुलनेत तो काजळी फार कमी धरतो, त्यामुळे इंजिन पुन्हा वापरणे सोपे जाते. परत उतरायलाही इंधन राखून ठेवावे लागते आणि तेवढा माल कमी न्यावा लागतो. ‘पुन्हा वापर’ फुकट पडत नाही.

घाई कशाची?

2035 पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, ही सरकारने जाहीर केलेली उद्दिष्टे आहेत. आठ टनांच्या गाडीवर ती गाठणे अवघड. अमेरिकेच्या एसएलएसची क्षमता 95 टन, चीनच्या लाँग मार्च-5 ची सुमारे 25 टन. म्हणजे 30 टनांनंतरही चांद्रमोहिमेसाठी याहून मोठा अग्निबाण लागेलच, आणि इस्रोने त्याचा आराखडा हाती घेतला आहे.

महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इस्रोची विकास व क्रायोजेनिक इंजिने घडतात, तर इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरमध्ये घन इंधनाच्या मोटारींची आवरणे.

एनजीएलव्हीसाठी श्रीहरिकोट्यात तिसरा प्रक्षेपण तळ उभारायला जानेवारी 2025 मध्ये सुमारे 3,985 कोटी रुपये मंजूर झाले. त्याला चार वर्षांची मुदत आहे. अग्निबाणाच्या विकासाला मिळालेली आठ वर्षे 2032 मध्ये संपतात.